जिथं कमी तिथं महिपती

"ह्या म्हाताऱ्याला आणि किती दिवस नाचवणार हाईत कुणास ठाऊक," माझ्या मानेपाशी कुणीतरी पुटपुटलं. "आमच्या बाळूला मातूर टावेल धरून बसवलाय."

मागच्या फळीवर एक जाडजूड बाई शेंगा सोलत बसली होती. टरफलं माझ्या पदरावर पडत होती. ती ज्याला म्हातारा म्हणत होती तो छत्तीस वर्षांचा होता आणि माझा नवरा होता. मी वळून बघितलं तशी तिनं हात पुढं केला. "घ्या की, खारवलेल्या हाईत." मी मूठभर घेतल्या. जिच्या शेंगा खायच्या तिच्याशी भांडायचं कसं?

या गोष्टीला आता पंचवीसएक वर्षं झाली. तेव्हा कबड्डी मातीवर होती. वारणाकाठी आमच्या गावाला लागून एक मोठी फाउंड्री होती आणि फाउंड्रीचा संघ होता. व्यावसायिक गट म्हणतात त्याला. म्हणजे हजेरी कंपनीत लागायची आणि घाम मैदानात गळायचा. आमचे हे बारा वर्षं त्या संघात होते. महिपती लोखंडे. संघातली पोरं आण्णा म्हणायची.

हे चढाई करायचे. हे पकड करायचे. डावा कोपरा मोडला की डाव्या कोपऱ्यात, उजवा दुखावला की उजव्यात, मधे भोक पडलं की मधे. इतरांना आपापली जागा होती. यांना मात्र ज्याची जागा रिकामी पडेल ती. संघाला शिकवणारे तात्या, म्हणजे वसंततात्या बिरनाळे, आमच्या यांना पत्त्यातला जोकर म्हणायचे. "जिथं कमी तिथं महिपती," असं हसून सांगायचे पाहुण्यांना. पेपरात अष्टपैलू म्हणून छापून यायचं, पण ते शेवटच्या ओळीत. वरच्या ओळींत ज्यानं गुण घेतले त्याचं नाव, आणि खाली 'त्यांना महिपती लोखंडेने मोलाची साथ दिली.' बारा वर्षांत मी ती साथ इतक्यांदा वाचली की स्वयंपाक करताना मनात यायचं, आपलं तरी दुसरं काय चाललंय. जिथं कमी पडेल तिथं उभं राहायचं, आणि शेवटच्या ओळीत साथ.

पकडीला यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. समोरचा पळायला लागला की हे त्याच्या पायात झेप टाकायचे. घोटा हातात यायचा, आणि त्याच वेळी त्याचा गुडघा यांच्या कानशिलावर बसायचा. दर सामन्याला एकदा तरी. मग तात्या पाण्याचा तांब्या घेऊन आत जायचे, डोक्यावर ओतायचे, तोंडासमोर बोटं धरायचे आणि विचारायचे, "किती?" हे म्हणायचे, "दोन." तात्या म्हणायचे, "शाबास, चल ऊठ." लोक टाळ्या वाजवायचे. मीही वाजवायची.

त्या वर्षी तात्या रिटायर व्हायचे होते. पाडव्यानंतर त्यांच्या जागी कुणीतरी लागणार होतं. खेळाडूची नोकरी म्हणजे खेळतोय तोवर कंपनीचा, आणि कंपनीचा तोवर क्वार्टरमध्ये. तात्यांची जागा मात्र कायमची होती. दाणी साहेबांनी, ते सगळ्या कामगारांचं बघायचे, तात्यांना शब्द दिला होता की एवढा मोसम महिपतीला नीट पार पाडू दे, मग पोरं त्याच्याच हातात देतो. मोसमातला हा शेवटचा सामना. अंतिम. आमची शरयू तेव्हा चौथीत होती. शाळेच्या दाराशी तिची मैत्रीण, मैत्रिणीच्या दाराशी आमचं क्वार्टर. एवढं सगळं त्या चाळीस मिनिटांवर बांधलेलं होतं.

म्हणून मी त्या दिवशी फळीवर जाऊन बसले होते. एरवी मी जात नसे. पण अलीकडं मला त्यांच्यावर डोळा ठेवल्याशिवाय चैन पडत नव्हतं.

का, ते मी स्वतःलाही सांगत नव्हते. तसं सांगण्यासारखं काही नव्हतंच. कंपनी सुटली की हे चौकात थांबायचे. ओळखीचा कुणी दिसला की त्याच्याशी बोलत बोलत त्याच्या मागं घरी यायचे. मला वाटलं, वयाबरोबर माणूस बोलका होतो. आणि यांना नवीनच एक लागलं होतं, सगळ्यांना मालक म्हणायचं. दूधवाला मालक, शरयूचे मास्तर मालक, संघातली पोरं मालक. उजव्या कोपऱ्यात यांचा हात धरून बारा वर्षं उभा राहिलेला इक्बाल मुल्ला, संघाचा कॅप्टन, तोही मालक. इक्बाल म्हणायचा, "आण्णा, आता तेवढी सही करून मालकीच देऊन टाका." सगळे हसायचे.

मला अगं म्हणायचे. ते लग्नापासूनच. आमच्याकडं नवरा बायकोचं नाव घेत नाही. त्यांनी माझं नाव एकदाच घेतलं होतं, लग्नात, पोरींनी वाट अडवली तेव्हा. 'मैदानात मारली फक्कीची रेघ, कौसल्याचं नाव घेतो, वर तरी बघ.' मी वर बघितलं नाही ते नाहीच. त्यानंतर अगं, ऐकलं का, इकडं ये.

सामना दुपारी चारला सुरू झाला. पाणी मारून मैदान चोपलेलं होतं, फक्कीच्या रेघा पांढऱ्याफटक. पहिल्या डावात आमचा संघ माझ्या बाजूला होता. हे माझ्यापासून चार हातांवर उभे असायचे, पाठमोरे. बाजू आमची, तरी मागची बाई दर चढाईला कुरकुरत होती. आमच्या यांनी दोन सुंदर पकडी केल्या. दुसऱ्या पकडीला गुडघा बसला, तात्या आत आले, बोटं धरली. "दोन," हे म्हणाले. मग उठून मातीनं हात घासले. बाई म्हणाली, "दम हाय म्हाताऱ्यात." मला बरं वाटलं. मी तिच्या आणखी शेंगा घेतल्या.

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. आमचा संघ पलीकडं गेला, माझ्या पुढ्यात समोरचा संघ आला. इक्बालनं यांच्या पाठीवर हात ठेवून यांना पलीकडं नेलं. हे तो नेहमी करायचा. आणि हे चढाईला गेले की मागून ओरडत राहायचा, "इकडं आण्णा, इकडं, इकडं." समोरचे खेळाडू चेष्टा करायचे की मुल्ला, तुझा आण्णा माणूस हाय का बैल. इक्बाल म्हणायचा, आमची तऱ्हा हाय ती, तुमाला न्हाई कळायची.

शेवटी शेवटी असं झालं की आम्ही एका गुणानं मागं आणि आमची शेवटची चढाई. इक्बाल त्याआधीच बाद होऊन कडेला बाद झालेल्यांच्या रांगेत बसला होता. तिथून आत ओरडायला पंच देत नाहीत. त्यानं तोंडावर टावेल दाबून धरला होता, बाळूचाच असावा. आत आमचे तिघेच उरले होते. चढाईला गेले हे.

असं मी त्यांना फार वर्षांनी बघितलं. दम घुमवत माझ्या दिशेनं आले, डावीकडं हूल दिली, उजवीकडं वाकले, आणि एका पायानं एक, हातानं दुसरा, असे दोन गडी टिपले. सगळं मैदान उभं राहिलं. आता फक्त मागं फिरायचं आणि मधली रेघ शिवायची. अंगावर कुणी नव्हतं. चालत गेले असते तरी चाललं असतं.

ते मागं फिरले नाहीत. माझ्याकडं बघितलं, हसले, हात वर केला आणि सरळ माझ्या दिशेनं पळत सुटले. पहिल्या डावात जिथं आमचं घर होतं तिथं. शेवटची रेघ ओलांडली आणि माझ्यासमोर येऊन थांबले. छाती भात्यासारखी हलत होती. दम अजून चालूच होता, हळू आवाजात, कबड्डी, कबड्डी. पंचांची शिट्टी वाजली तरी चालूच होता.

मग लोकांना उमगलं, आणि कुणीतरी ओरडलं, "विकली." ते एक तोंड सगळ्या मैदानाला पुरलं. चपला आल्या, पाण्याच्या पिशव्या आल्या. माझ्या मागची बाई उभी राहून म्हणाली, "किती घेतलंस रं?" तिच्या शेंगा माझ्या पदरात होत्या.

हे मला विचारत होते, "काय झालं गं? जिंकलो न्हवं?"

त्या संध्याकाळी तात्या आणि इक्बाल घरी आले. शरयूला मी शेजारी पाठवलं होतं. हे मोरीत अंघोळ करत होते, तांब्याचा आवाज येत होता, आणि तो येतोय तोवर आम्ही तिघं हळू आवाजात बोलत होतो. तात्या म्हणाले, ऊन तिरपं होतं, थेट डोळ्यावर. इक्बाल म्हणाला, मधली रेघ पायानं पार पुसली होती, कुणालाही चकवा लागला असता. मी म्हटलं, दोन रात्री त्यांना झोप नव्हती. तिघांनी तीन कारणं दिली आणि तिघांनाही तिन्ही पटली. कुणीच कुणाकडं बघत नव्हतं.

मग इक्बाल उंबऱ्याकडं बघत म्हणाला, "वैनी, मी बाद झालो नसतो तर..." मी त्याला म्हटलं, चहा निवतोय. तेव्हा मला कळलं की 'इकडं आण्णा, इकडं' ही तऱ्हा काय होती, आणि त्यालाही कळलं की मला कळलंय. तात्यांनी कपात बघितलं. त्यांना आमच्या आधीपासून कळलं असणार. इतके दिवस आम्ही तिघं एकाच ओझ्याला खांदा देत होतो आणि ज्याला त्याला वाटत होतं आपण एकटेच आहोत.

लोक उद्या काय बोलतील ते ठरलेलं होतं. मॅच विकली. ते खोडायचं तर कारण लागणार, आणि कारण असं लागणार की तात्यांची जागाही हातची जाऊ नये. तात्यांनीच ते काढलं. डोळ्यांत माती गेली. खाली वाकून गडी टिपला, माती उडाली, रेघ दिसली नाही. कोण नाही म्हणणार?

हे अंगाला टावेल गुंडाळून बाहेर आले. डोकं पुसत होते, तोंड टावेलात. तात्यांना काय वाटलं कोण जाणे, वातावरण हलकं करायला असेल, त्यांनी जुन्या सवयीनं हात वर केला. "किती रं?"

"दोन," हे टावेलातून म्हणाले.

तात्यांची तीन बोटं वर होती. इक्बाल हसला. मग मी हसले. तात्यांनी एकेक करून बोटं मिटली आणि हात मांडीखाली घेतला.

यांना खाली बसवून आम्ही सगळं समजावलं. यांनी शाळेतल्या पोरासारखं ऐकून घेतलं, दोनदा म्हणूनही दाखवलं. "डोळ्यांत माती गेली साहेब. रेघ दिसली न्हाई." मग मला म्हणाले, "पर खरंच गेली हुती का गं?" मी म्हटलं, गेली होती. ते म्हणाले, "मग असंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं कंपनीत गेलो. मी कशाला, असं मी म्हटलं होतं. तात्या म्हणाले, तू चल, कुणाच्या बायकोसमोर दाणी साहेब आवाज चढवत नाहीत. मी लग्नातलं नाही पण त्याखालोखाल चांगलं लुगडं नेसले. यांना इस्त्रीचा शर्ट दिला. वाटेत हे इक्बालच्या अर्धं पाऊल मागून चालत होते. मधेच त्याच्या तोंडाकडं वळून वळून बघायचे, ओठ हलायचे आणि परत खाली बघायचे. मला वाटलं, ते वाक्य पाठ करताहेत.

साहेबांच्या खोलीत भिंतीला लागून काचेचं कपाट होतं, त्यात संघाची सगळी बक्षिसं. दाणी साहेब सरळ माणूस होते. त्यांनी आम्हाला बसवलं. म्हणाले, गावभर काय चाललंय ते माझ्या कानावर आलंय. माझा स्वतःचा विश्वास नाही. पण वर मला विचारतील, तेव्हा काही सांगता आलं पाहिजे.

"काय झालं, महिपती?" त्यांनी विचारलं.

हे उभे राहिले. "डोळ्यांत माती गेली साहेब. रेघ दिसली न्हाई."

साहेबांनी तात्यांकडं बघितलं. तात्या म्हणाले, मी कडेलाच होतो, मी बघितली उडताना. साहेबांनी इक्बालकडं बघितलं. इक्बालनं मान हलवली. साहेब एकदम सैल झाले, खुर्चीत मागं रेलले. एखाद्या माणसाला वाईट समजावं लागणार नाही याचा आनंद त्यांच्या तोंडावर दिसत होता. त्यांनी घंटी मारून चहा सांगितला.

"मला वाटलंच होतं," साहेब म्हणाले. "विषय संपला. आणि हे बघा, मी शब्द फिरवणारा नाही. पाडव्यापासून संघ तुमच्या ताब्यात. यंदा नवीन पोरं घेतोय आपण, अठरा-एकोणीसची. त्यांना घडवा."

मी पदराआड श्वास सोडला. मला ते क्वार्टर दिसलं, मोरीजवळची तुळस दिसली, शरयू दप्तर घेऊन पळताना दिसली. इक्बालनं यांच्या खांद्यावर हात ठेवला. चहा आला. साहेबांनी पहिला कप यांच्यापुढं केला.

यांनी कप घेतला नाही. खांद्यावरच्या त्या हाताकडं बघत राहिले.

"साहेब," हे म्हणाले, "त्यातल्या एखाद्या पोराच्या डोस्क्यावर गुडघा बसला, तर मी काय करायचं?"

"म्हणजे?" साहेब म्हणाले.

"अरे, मी करत होतो तेच करायचं," तात्या घाईनं म्हणाले. "पाणी मारायचं, बोटं दाखवायची. चहा घे."

"तुमी दोन बोटं दावायचा, तात्या. दर टायमाला दोनच." आवाजात राग नव्हता. जुना खेळ आठवावा तसं बोलत होते. "मला काय बी दिसत नसायचं. नुसतं पांढरं पांढरं. तरी मी दोन म्हनायचो. कारन दोनच असत्यात. तुमाला बी ठावं हुतं, मला बी ठावं हुतं. खेळ थांबायला नको म्हनून."

तात्यांचा कप बशीवर वाजला. त्यांनी तो खाली ठेवला.

"महिपती, उन्हाचा त्रास झालाय तुम्हाला," साहेब म्हणाले. "घरी जाऊन..."

"आण्णा, चला," इक्बाल म्हणाला. "वैनी, उठा."

मी उठलेसुद्धा. यांचा दंड धरला. मला त्यांना बाहेर न्यायचं होतं, त्या खोलीतून, त्या पुढच्या शब्दाच्या आधी. ते हलले नाहीत. ज्यांनी घोट्याला हात घातला की समोरचा माणूस हलत नसे, त्यांना मी काय हलवणार? त्यांनी माझा हात दंडावरून सोडवला आणि आपल्या हातात धरला, साखळीत धरतात तसा, बोटांत बोटं अडकवून. दुसऱ्या हातानं इक्बालचा हात धरला. बारा वर्षांत चारचौघांत त्यांनी माझ्या हाताला हात लावला नव्हता.

"पोरं माझ्या हातात देऊ नका साहेब," हे म्हणाले. "डोळ्यांत माती बिती काय गेली नव्हती. माझं डोस्कं गेलंय. ह्यो मानूस बारा वर्सं माझ्या उजव्या हाताला उभा ऱ्हायला, सकाळपास्नं ह्याचं नाव हुडकतोय, घावंना." मग माझ्याकडं वळले, माझं तोंड नीट निरखलं आणि हळूच म्हणाले, "आनि हिचं तर मी कधी घेतच नव्हतो, म्हनून ते गेल्यालं कुनाला कळलं न्हाई."